नव्वदच्या दशकातल्या फुल-सस्पेन्शन माउंटन बाईकचं सेटिंग

जुन्या फुल-सस्पेन्शन (पुढे आणि मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी यंत्रणा असलेल्या) बाईकला आजचे आकडे लावले की सगळं बिघडतं. 1990च्या दशकात पुढे साधारण 50 ते 80 मिलिमीटर ट्रॅव्हल (चाक वरखाली होण्याचं अंतर) असायचा, मागे 75 ते 100. हेड अँगल, म्हणजे पुढच्या फोर्कच्या नळीचा जमिनीशी कोन, 71 अंशांच्या आसपास, आणि हँडलबार धरणारा स्टेम लांब. अशा बाईकच्या 63 मिलिमीटर ट्रॅव्हलच्या फोर्कला 30 टक्के सॅग (रायडर बसल्यावर होणारा दाब) दिला तर हातात 44 मिलिमीटर उरतात आणि उतारावर ब्रेक दाबला की पुढचं टोक थेट खाली बसतं. पुढे 15 ते 20 टक्के, मागे 20 ते 25, यापलीकडे जाऊ नका.

पण सॅगच्या आधी प्ले, म्हणजे सांध्यांतला सैलपणा, काढा. बाईक उभी धरून सीट हलकेच वर उचला. चाक जमिनीवरून सुटायच्या आधी 'टक्' असं जाणवलं तर शॉकच्या (मागचा धक्के झेलणारा दांडा) डोळ्यातला, म्हणजे टोकाच्या बोल्टच्या भोकातला, बुश गेलाय. बोट डोळा आणि बोल्टच्या सांध्यावर ठेवून कोणीतरी सीट हलवली की नेमकं कुठलं टोक ते कळतं. मग शॉक काढून स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता भाग) हाताने वरखाली करा. तो स्वतःच्या वजनाने खाली यायला हवा, मध्ये खरखर नको. रिम धरून आडवं हलवलं आणि हालचाल दिसली तर पिव्हटचे (स्विंगआर्म ज्या सांध्यावर फिरतो त्याचे) बुश किंवा बेअरिंग बदला. नुसता बोल्ट आवळून प्ले जात नाही, उलट पिव्हट जाम होतो आणि मग शॉकला कितीही दोष दिला तरी सेटिंग लागत नाही.

आता स्प्रिंग. मागच्या चाकाचा ट्रॅव्हल भागिले शॉकचा स्ट्रोक म्हणजे लिव्हरेज रेशो. समजा 100 मिलिमीटर ट्रॅव्हल आणि 38 मिलिमीटर (दीड इंच) स्ट्रोक, म्हणजे सुमारे 2.6. कपडे, पाणी धरून रायडर 75 किलोचा असेल, तर बसल्यावर साधारण 60 टक्के भार मागे, म्हणजे 45 किलो, अंदाजे 99 पौंड. त्याला लिव्हरेज रेशोने गुणलं की शॉकवर सुमारे 260 पौंड आले. 25 टक्के सॅग म्हणजे 0.375 इंच. 260 भागिले 0.375, साधारण 695. म्हणून 700 पौंडांची, म्हणजे एक इंच दबायला 700 पौंड लागणारी, स्प्रिंग. हा सुरुवातीचा आकडा आहे, शेवटचा नव्हे. स्प्रिंग घेताना तिचा आतला व्यास जुळतो का आणि ती शॉकच्या स्ट्रोकपेक्षा जास्त दबते का, ते बघा. नाहीतर शॉक पूर्ण दबण्याआधीच वेढे एकमेकांवर आपटतात.

प्रीलोडची (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी) कॉलर स्प्रिंगला टेकल्यावर एक ते दोन फेरे, बस्स. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही. सॅग तेवढा कमी होतो. तीन-चार फेरे लागत असतील तर जड स्प्रिंग घ्या.

सॅग मोजताना सपाटीवर बसा, भिंतीचा आधार घ्या. शॉकवर ओ-रिंग (दाब किती झाला ते दाखवणारं रबरी कडं) नसेल तर डोळ्याच्या केंद्रापासून केंद्रापर्यंतची लांबी आधी मोकळी, मग बसून मोजा. 38 मिलिमीटरच्या स्ट्रोकवर 8 ते 9.5 मिलिमीटरचा फरक यायला हवा. ट्रेकची वाय बाईक किंवा क्लाइनची मँट्रा यांसारख्या युनिफाइड रिअर ट्रँगलच्या बाईकवर उभं राहून मोजू नका. तिथे बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो तो भाग) स्विंगआर्मवरच असल्याने पेडलवर उभं राहिलं की मागचं सस्पेन्शन कडक होतं. खडकाळ उतारावर बहुतेकदा उभंच राहावं लागतं, ही त्या डिझाइनची मोठी उणीव आहे. त्यावर सेटिंगचा इलाज नाही.

रिबाउंड, म्हणजे दबलेलं सस्पेन्शन किती वेगाने परत येतं ते, बघायला सीटवर बसूनच फुटपाथवरून हळू उतरा. मागचं टोक एकदा वर येऊन थांबलं की झालं. डोलत राहिलं तर रिबाउंड मंद करा. सलग खाचांवर बाईक खाली खाली बसत गेली तर वेगवान करा.

पुढचा फोर्क शेवटी, मागच्याशी जुळवून. 90च्या दशकातल्या बऱ्याच फोर्कमध्ये युरेथेनचे इलास्टोमर (स्प्रिंगसारखे वापरलेले रबरी ठोकळे) असायचे, रॉकशॉक्स जुडीमध्येही. इतक्या वर्षांत ते एकतर चुरा होतात किंवा डिंकासारखे चिकट. ते न बदलता केलेलं सेटिंग फुकट. नवा संच मिळत नसेल तर त्या फोर्कसाठी बनवलेल्या कॉइल स्प्रिंग बसवा. त्यांचा फायदा म्हणजे थंडीत कडक, उन्हात मऊ असा फरक पडत नाही. इलास्टोमरच्या फोर्कला लिथियम ग्रीस लावू नका, टेफ्लॉनचं बिनलिथियम ग्रीस वापरा. सॅग मोजायला फोर्कच्या नळीवरचा रबरी बूट (आवरण) वर सरकवून नळीला बारीक केबल टाय बांधा.

लांब फोर्कचा मोह सोडा. दर 20 मिलिमीटर लांबीला हेड अँगल अंदाजे एक अंशाने कमी होतो. 63च्या जागी 120चा फोर्क लावला तर चढावर पुढचं चाक भटकतं, आणि जुन्या हेड ट्यूबवर जो ताण येतो त्यासाठी ती बनलेलीच नव्हती. वळणं अवघड वाटत असतील तर 90 मिलिमीटरचा स्टेम आणि रुंद हँडलबार जास्त काम करतात.

पेडल मारताना बाईक डोलत असेल तर स्प्रिंग बदलण्याआधी चेनरिंग (पेडलकडचं दातेरी चक्र) बदलून बघा. सिंगल पिव्हटमध्ये चेनचा वरचा भाग पिव्हटच्या खालून जात असेल तर चेनची ओढ सस्पेन्शन उघडते. वरून गेला तर ती दाबते. म्हणून छोट्या रिंगवर पेडलला झटके बसतात आणि मोठ्या रिंगवर मागचं टोक दबतं. मधल्या रिंगवर डोलणं थांबत असेल तर शॉकमध्ये काही बिघाड नाही.

गॅस भरलेला शॉक मात्र घरी उघडू नका. आत नायट्रोजन मोठ्या दाबाने असतो, आणि टोपी सुटली तर ती गोळीसारखी उडते.