हजूर साहिबला जाताना: कृपाण, चाकू आणि खिसा

नांदेडच्या तख्त सचखंड हजूर साहिब या गुरुद्वाऱ्याला जाणार असाल, तर आधी खिसे तपासा. अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांच्या अंगावर, गातऱ्यात (खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्यात) अडकवलेली कृपाण, म्हणजे छोटी तलवार असते. ती श्रद्धेची खूण आहे आणि राज्यघटनेच्या कलम 25 नं तिला संरक्षण दिलंय. त्यामुळे दचकू नका, एकटक बघू नका. ‘जरा बघू’ म्हणत हात तर मुळीच लावू नका. निहंगांसोबत (शस्त्रधारी शीख योद्ध्यांसोबत) फोटो हवा असेल तर आधी विचारा.

आपला फळं कापायचा चाकू मात्र मुक्कामीच ठेवा. तो कृपाणीच्या हिशेबात येत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे तंबाखूची पुडी. शीख मर्यादेत, म्हणजे आचारनियमांत, तंबाखू कडक वर्ज्य आहे, आणि आपल्याकडे ती नेमकी खिशातच विसरते!

डोकं झाका, चपला बाहेर ठेवा. गुरु गोविंदसिंगांनी 1708 मध्ये इथेच देह ठेवला. गाभाऱ्यात जुनी शस्त्रं आहेत. दर्शन लांबूनच, हात जोडून घ्या. अरदासनंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, कडाह प्रसादाला (कणकेच्या शिऱ्याला) कृपाण लावतात, तेव्हा मध्येच उठू नका. मग प्रसाद बसून, दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्या. तूप भरपूर असतं, रुमाल जवळ असू द्या.