फायरवॉलवरचा वाय-फाय ब्रिज अडतो तेव्हा

फायरवॉलच्या, म्हणजे येणारी-जाणारी माहिती नियमांनुसार सोडणाऱ्या किंवा अडवणाऱ्या संगणकाच्या, पेटीतच वायरलेस कार्ड बसवून घरचा वाय-फाय केबलच्या नेटवर्कला ब्रिजने (दोन्हींचे मिळून एकच नेटवर्क करणाऱ्या सोयीने) जोडला असेल, तर बिघाड बहुधा एकाच रूपात दिसतो: फोन जोडला जातो, पासवर्डही स्वीकारला जातो, पण इंटरनेट चालत नाही. अमळनेरच्या आमच्या धाब्याच्या घरात पीएफसेन्स या फायरवॉल प्रणालीवर हीच मांडणी आहे आणि तिच्या दुरुस्तीचा जो क्रम मला उपयोगी पडला, तो येथे देत आहे.

सुरुवात सिग्नलपासून करू नये, पत्त्यापासून करावी. लॅपटॉप वाय-फायला जोडून त्याला कोणता आयपी पत्ता (नेटवर्कवरची त्याची ओळख) मिळाला ते पाहावे. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपने पत्ता मागितला पण त्याला उत्तर मिळाले नाही आणि त्याने स्वतःच एक पत्ता लावून घेतला, असा त्याचा अर्थ होतो. पत्ता १९२.१६८.१ या आपल्या घरच्या मालिकेतला असेल, तर डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारी सेवा, ठीक आहे आणि दोष पुढे, फायरवॉलच्या नियमांत किंवा डीएनएसमध्ये (संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधणाऱ्या सेवेत) शोधावा.

पत्ता मिळत नसेल, तर ती मागणी कुठपर्यंत पोहोचते हे डोळ्यांनी पाहावे. पीएफसेन्सच्या डायग्नोस्टिक्समध्ये पॅकेट कॅप्चर, म्हणजे येणारी-जाणारी माहिती टिपून दाखवणारे साधन, आहे. तेथे आधी वायरलेस इंटरफेस (वाय-फाय कार्डाची जोडणी) निवडून ६७ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे डीएचसीपीच्या मागण्या ज्यावर येतात ते, टिपावे आणि लॅपटॉपचा वाय-फाय बंद करून पुन्हा सुरू करावा. ०.०.०.०कडून (अजून पत्ता नसलेल्याकडून) २५५.२५५.२५५.२५५कडे (सर्वांकडे) जाणारी मागणी दिसली, तर रेडिओ आणि पासवर्ड दोन्ही निर्दोष आहेत. मागणी येते पण उत्तर जात नाही, हे एवढे कळले की निम्मे काम झाले, कारण आता चॅनेल, अँटेना, कार्डाचा ड्रायव्हर यांच्या मागे लागण्याची गरज उरत नाही.

उत्तर न जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे नियमांचा अभाव. नव्याने जोडलेल्या इंटरफेसवर एकही परवानगीचा नियम नसतो आणि नियम नसेल तेथे पीएफसेन्स सगळेच अडवते. म्हणून वायरलेस इंटरफेसवर यूडीपी या संदेश-पद्धतीचा एक नियम लिहावा: स्रोत ०.०.०.०, पोर्ट ६८, गंतव्य २५५.२५५.२५५.२५५, पोर्ट ६७. त्याखाली घरातील उपकरणांना बाहेर जाऊ देणारा नियम असावा. या दुसऱ्या नियमात स्रोत म्हणून त्या वायरलेस इंटरफेसचे नेटवर्क निवडण्याची चूक फार सहज होते. ब्रिजमधल्या त्या इंटरफेसला स्वतःचा पत्ताच नसल्याने तो नियम कशालाच लागू होत नाही. तेथे लॅनचे (घरच्या केबलचे) नेटवर्क निवडावे.

नियम बरोबर असूनही लागू होत नसतील, तर सिस्टम ट्युनेबल्स या प्रगत सेटिंग्जमधील पीएफआयएल मेंबर आणि पीएफआयएल ब्रिज या दोन नोंदी पाहाव्यात. पहिली १ असेल तर ब्रिजच्या प्रत्येक सदस्यावरचे (त्यात जोडलेल्या प्रत्येक इंटरफेसवरचे) नियम तपासले जातात, दुसरी १ असेल तर ब्रिजवरचे. पहिली ० करून नियम मात्र सदस्यावरच ठेवले, तर ते कोणी वाचतच नाही.

आता आमच्याकडे सर्वांत जास्त दिवस घेतलेला दोष. वीज गेली की फायरवॉल इन्व्हर्टरवर चालू राहत असे, तरी वाय-फायवरचे इंटरनेट तेवढेच बंद पडे आणि वीज आली की आपोआप सुरू होई. फायरवॉलचा आयपी पत्ता मी लॅनच्या पोर्टलाच (पेटीवरच्या केबलच्या खाचेला) ठेवला होता. त्या पोर्टची केबल खालच्या खोलीतल्या नेटवर्क स्विचला (केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीला) जाते आणि तो स्विच इन्व्हर्टरवर नव्हता. स्विच विझला की पोर्टची जोडणी तुटे आणि तिच्याबरोबर तो पत्ताही आवाक्याबाहेर जाई. पत्ता सदस्याला न देता ब्रिजला द्यावा; मग एक सदस्य जरी जिवंत असला तरी पत्ता जिवंत राहतो.

हा बदल करताना स्वतःच बाहेर अडकण्याचा धोका खरा आहे. आधी संरचनेची (सेटिंग्जची) प्रत उतरवून घ्यावी आणि पेटीला कीबोर्ड व मॉनिटर जोडूनच बसावे. कन्सोलवरच्या, म्हणजे त्या मॉनिटरवर दिसणाऱ्या, यादीत १ने इंटरफेस नेमता येतात, २ने पत्ता देता येतो आणि १५ने अलीकडची संरचना परत आणता येते.

रेडिओकडे वळावे ते यानंतर. मातीच्या जाड भिंतींत सिग्नल लवकर क्षीण होतो, तेव्हा २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ यांपैकी शेजाऱ्यांची गर्दी कमी असलेला चॅनेल निवडावा. तेवढ्याने भागत नसेल, तर पेटीतल्या कार्डाचा हट्ट सोडून वेगळा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारे स्वतंत्र उपकरण) केबलने लॅनला जोडावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

दुरुस्ती झाल्यावर फोनवर एखादा व्हिडिओ सुरू ठेवून स्विचची पिन काढून पाहावी आणि तो थांबला नाही, तरच पेटीचे झाकण लावावे.