दिवा सगळ्यात शेवटी: गावच्या नळयोजनेला यूव्ही बसवताना

यूव्हीसाठी, म्हणजे पाण्यातले जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांच्या दिव्यासाठी, फोन आला की पहिला प्रश्न असतो, "केवढ्याला पडेल?" मी उलट विचारतो, "पावसाळ्यातलं विहिरीचं पाणी तपासलंय का?" मे महिन्याचा एकच रिपोर्ट घेऊन बसू नका. जुलैची बाटलीही प्रयोगशाळेत द्या. दिव्यापर्यंत पोचणाऱ्या पाण्याचा गढूळपणा 1 एनटीयूच्या (गढूळपणाचं माप) आत हवा, लोह लिटरला 0.3 मिलिग्रॅमच्या आत. आणि नायट्रेट किंवा फ्लोराईड जास्त निघालं, तर यूव्हीचा विषय तिथेच थांबवा. 254 नॅनोमीटरचे किरण जंतूंचा डीएनए मोडतात, विरघळलेल्या क्षारांना हातही लावत नाहीत.

आमच्या कोकणात जांभ्यातल्या विहिरींना लोहाचा जाच. पहिल्या प्लांटला मी तो मनावर घेतला नाही. तीन महिन्यांत एचटूएसची बाटली (जंतूंची चाचणी) काळी झाली, म्हणजे पाणी दूषित. उघडून बघतो, तर दिव्यावरच्या क्वार्ट्झच्या नळीवर न घासलेल्या चहाच्या कपासारखा तपकिरी थर. आत दिवा मस्त निळा जळतोय, पाण्याला मात्र अंधार! आता मी पाणी आधी सिमेंटच्या पायऱ्यांवरून पाडतो. हवा लागली की लोह तांबडं होऊन खाली बसतं. मग वाळूचा प्रेशर फिल्टर, मग 5 मायक्रॉनचं कार्ट्रिज. बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलटा धुतलेलं, पाणी माडांना.

(मूळचे मुंबईचे अशोक गाडगीळ यांनी 1990 च्या दशकात केलेल्या यंत्रात दिवा पाण्याच्या वर टांगलेला होता. नळी बुडतच नाही, मग थर कुठला! पण आपल्याला दाबाच्या पाइपावर बसवायचंय.)

आता आकडेमोड. 500 माणसं, माणशी 55 लिटर, म्हणजे दिवसाला 27,500 लिटर. पंप सहा तास चालला तर ताशी साधारण 4,600. म्हणून ताशी 5,000 लिटरचं युनिट. टाकीत पाणी चढतं त्या पाइपावरच ते बसवा. टाकीतून उतरणाऱ्या पाइपावर बसवलं, तर सकाळी दोनच तासांत सगळं पाणी सुटतं म्हणून जवळपास तिप्पट मोठं युनिट लागेल. घेताना डोस, म्हणजे पाण्याला किती किरण मिळतात ते, विचारा: दिवा जुना झाल्यावरही चौरस सेंटीमीटरला 40 मिलिज्यूल मिळायला हवा.

पाणी जोरात गेलं की डोस कमी पडतो. त्याची परीक्षा पिंपाने. 200 लिटरचा पिंप 2 मिनिटं 24 सेकंदांच्या आधी भरला, तर व्हॉल्व्ह आवळा.

दिवा तापायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर पाणी सुटता कामा नये. लाईट गेली की आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह लावाच, आणि स्टॅबिलायझरवर काटकसर नको. खोली बांधताना एका बाजूला दिव्याच्या लांबीएवढी मोकळी जागा सोडा. गवंडी ती हमखास विसरतो आणि मग दिवा काढायला भिंत फोडावी लागते.

दर महिन्याला वीज तोडून नळी काढा, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवा, सुती फडक्याने पुसा. दिव्याला उघड्या बोटांचा घाम लागू देऊ नका. जळत्या दिव्याकडे तर बघायचंच नाही, डोळे जातील. 9,000 तास झाले की दिवा बदला. डोळ्यांना तो चांगला दिसतो, पण कामाचं तेज उतरलेलं असतं. तासांचा हिशेब भिंतीवर खडूने लिहिलेला बरा, वही हरवते.

"यूव्ही बसवली, मग टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कशाला?" हे सरपंच विचारणारच. यूव्ही पाण्याला दिव्यापुरतंच शुद्ध करते, पुढच्या पाइपात तिचा काही अंमल नाही. आमची एक लाइन गटाराला चिकटून जाते आणि तिथलाच जॉइंट गळतो. म्हणून टाकीत थोडं टीसीएल, आणि ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची, उरलं तर पाणी पिवळं होतं) टाकीपाशी नाही, गावातल्या शेवटच्या नळावर. तिथे लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन मिळालं पाहिजे. पहिल्या दिवशी त्या घरच्या आजी काचेची नळी उजेडात धरून म्हणाल्या, "पिवळं दिसतंय हो थोडं." मग मी हत्यारं गोळा केली.