कोंबडीची जात रंगावरनं ठरवू नका, आधी तुरा आणि पाय बघा

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कोंबडी दिसली की लोक लगेच प्लायमाउथ रॉक म्हणून मोकळे होतात, पण तसलेच पट्टे डॉमिनिकलाही असतात आणि क्रॉसमध्येही उतरतात, म्हणून आधी तुरा बघा. करवतीसारखा एकेरी उभा तुरा असेल तर रॉक, आणि चपटा, खरखरीत, मागे टोक निघालेला असेल तर डॉमिनिक. मग पायाची बोटं मोजा, सिल्की आणि डॉर्किंगला 4 ऐवजी 5 असतात. कानाची पाळीही बघा, लेगहॉर्नची पांढरी असते. एवढं जुळलं की मगच रंगाकडे या.

आता रंग. पट्ट्यांचा जीन झेड या नर-मादी ठरवणाऱ्या क्रोमोसोमवर असतो, आणि कोंबडी तिचा एकुलता एक झेड फक्त नर पिल्लांना देते. म्हणून काळा बिनपट्ट्याचा कोंबडा (ऑस्ट्रलॉर्प जातीचा चालतो) आणि पट्टेवाली कोंबडी अशी जोडी लावली की पहिल्याच दिवशी नर-मादी कळतात. पिल्लू हातात घ्या, काळ्या लवेत डोक्यावर पांढुरका ठिपका असेल तर नर, डोकं पूर्ण काळं असेल तर तलंग होणार. हे मला अजूनही भारी वाटतं! जोडी उलटी केली तर मात्र जमत नाही, कोंबडा अस्सल पट्टेवाला असेल तर सगळ्याच पिल्लांना पट्टे येतात.

निळ्याचा, म्हणजे निळसर राखाडी पिसांचा, हिशोब वेगळा. निळा गुणिले निळा केलं तर सरासरी 25 टक्के काळी, 50 टक्के निळी आणि 25 टक्के स्प्लॅश, म्हणजे फिकट अंगावर गडद शिंतोडे. 8-10 अंड्यांत हा आकडा हुबेहूब येईलच असं नाही. सगळी निळीच हवी असतील तर काळा आणि स्प्लॅश एकत्र ठेवा.

पांढऱ्यानं मात्र मला फसवलं होतं, पांढऱ्या कोंबडीवर काळा कोंबडा सोडला आणि सगळी पिल्लं काळी, मला वाटलं अंडी बदलली. तसं नव्हतं, तिचा पांढरा रंग रिसेसिव्ह होता, दोन्हीकडून आला तरच दिसतो. लेगहॉर्नचा पांढरा डॉमिनंट, तो काळ्याला झाकतो, पिल्लं पांढरी निघतात आणि पुढे एखाददुसरं काळं पीस डोकावतं.

आणि पट्टेवाला कोंबडा कोंबडीपेक्षा फिका दिसला तर भेसळ समजून काढून टाकू नका, त्याच्यात पट्ट्यांचे दोन जीन असतात, तिच्यात एकच.