हातवाऱ्यांनी इमारतीचा कच्चा आराखडा कसा करावा

मेटा क्वेस्टसारख्या, डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणाऱ्या हेडसेटमध्ये हात ओळखण्याचे काम त्याच्यावर बसवलेले कॅमेरे करतात. डिसेंबर २०१९मध्ये ही सोय पहिल्या क्वेस्टवर आली आणि कंट्रोलर न धरताही आकार उचलता, ओढता येऊ लागले. मात्र कॅमेऱ्याला न दिसणारा हात संगणकाला नीट कळत नाही. म्हणून खोलीत सर्वत्र सारखा उजेड ठेवावा आणि एक हात दुसऱ्याच्या आड जाऊ देऊ नये.

सुरुवात अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीने करावी. हवेत बोट दाबण्यापेक्षा चिमटी मला अधिक भरवशाची वाटते, कारण बोटाला बोट लागल्याचे आपल्यालाच जाणवते आणि आकार पकडला की नाही हे पाहत बसावे लागत नाही. एका चिमटीने ठोकळा ओढावा. दोन्ही हातांच्या चिमट्या एकमेकींपासून दूर नेल्या की बहुतेक ॲपमध्ये प्रतिकृती मोठी होते. तळहात स्वतःकडे वळवून चिमटी घेतली तर क्वेस्टचा मेनू उघडतो, त्यामुळे काम करताना तळहात समोर किंवा खाली असावा.

खरी अडचण चिमटी सोडताना येते. बोटे उघडताना मनगट किंचित हलते आणि नेमकी बसवलेली भिंत अखेरच्या क्षणी सरकते. त्यासाठी आधी हात क्षणभर स्थिर करावा, मगच बोटे उघडावीत, आणि ॲपमधील ग्रिड-स्नॅप, म्हणजे आकार आपोआप जाळीच्या रेषांवर बसवणारी सोय, सुरू ठेवावी. तरीही २३० मिलिमीटरची विटेची भिंत आणि २०० मिलिमीटरची भिंत यांतला फरक हाताने साधण्याचा हट्ट धरू नये. हातवाऱ्यांनी ठोकळ्यांची मांडणी, अंगणाची रुंदी, छताची उंची ठरवावी. मापे नंतर स्केचअप किंवा रेव्हिट अशा संगणकावरील आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकड्यांनी भरावीत.

कोपरे कमरेजवळ ठेवून, छातीच्या खालच्या पातळीवर काम करावे. हात सतत उंच धरल्यास खांदे लवकर भरून येतात आणि हालचालींतला नेमकेपणा जातो. म्हणूनच आधी १:५० प्रमाणातील प्रतिकृती टेबलाच्या उंचीवर ठेवून मांडणी पूर्ण करावी आणि मगच १:१ प्रमाणात आत शिरून जिन्याची डोकेउंची, दारांची रुंदी, खिडकीतून दिसणारे दृश्य तपासावे. त्या वेळी हेडसेटमध्ये आखलेली सुरक्षित सीमा सुरू असावी, आणि समोरचा कठडा कितीही खरा वाटला तरी त्यावर हात टेकू नये.