वॉटर पार्कला निघण्याआधी मूल दाराच्या चौकटीला लावून मोजा

गेल्या मे महिन्यात माझ्या धाकट्याची उंची १०९ सेंटिमीटर होती. हे मला कळलं ते वॉटर पार्कमधल्या एका जिन्याच्या पायथ्याशी. तिथे कामाला असलेल्या मुलाने त्याला भिंतीवरच्या लाल रेघेला पाठ लावून उभं केलं. रेघ १२० वर होती. दोनच वर्षांनी मोठा असलेला भाचा वर चढून गेला आणि माझा सहा वर्षांचा मुलगा ट्यूब कवटाळून खाली राहिला. तो रडला असता तर समजूत तरी काढता आली असती. तो नुसता वर बघत उभा होता.

मी गोव्यात डिचोलीत शिवणकाम करते. त्या रविवारी आम्ही सात जण गेलो होतो: आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई आणि कुडाळहून आलेल्या वन्सं, त्यांच्या मुलासह. शेजाऱ्यांची मोठी गाडी मागून घेतली होती. महिनाभर मुलं त्या दिवसाची वाट बघत होती, आणि संध्याकाळी परतताना गाडीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. नंतर दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा गेलो. तो दिवस चांगला गेला. मधल्या काळात मी जे विचारलं, वाचलं आणि शिवलं, ते इथे लिहिते.

पहिलं काम मोजमापाचं. मुलाला चप्पल काढून चौकटीला टाचा लावून उभं करा, डोक्यावर पट्टी आडवी धरा आणि पेन्सिलने खूण करा. मग पार्कला फोन करून प्रत्येक स्लाइडची उंचीची अट विचारा. कुठे १२०, कुठे १४०, कुठे वजनाचीही अट असते. अट बरोबरच आहे. लहान, हलकं मूल वळणावर बाजूला फेकलं जातं, शेवटच्या पाण्यात त्याचे पाय टेकत नाहीत. पण तुमच्या मुलाला काय मिळणार आहे हे त्याला घरीच सांगा. "तू ही, ही आणि ही करणार, ती मोठी अजून नाही," हे अंगणात ऐकणं आणि रांगेत अर्धा तास उभं राहून ऐकणं यात फार फरक आहे. दुसऱ्या खेपेला धाकट्याला सगळं पाठ होतं. त्याने मोठ्या स्लाइडकडे वळूनही पाहिलं नाही.

ज्या दिवशी जाणार त्या सकाळी पार्क उघडल्या उघडल्या पुन्हा एकदा फोन करा. आज कुठल्या स्लाइड बंद आहेत? वेव्ह पूलच्या लाटा किती वाजता आणि किती वेळ? पाण्यात न उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला वेगळं तिकीट आहे का? सावलीत बसायला जागा आहे का? कपडे कुठले चालतात? डबा आत नेता येतो का? आम्ही यातलं काहीच विचारलं नव्हतं. आत गेल्यावर समजलं की तीन स्लाइड बंद आहेत, आणि बाहेरच्या फलकावर जिचं चित्र होतं तीही त्यातच. पंपाचं काम चालू आहे, असं उत्तर मिळालं. स्लाइडवरचं पाणी पंपानेच वर चढवतात. पंप थांबला की वाट कोरडी पडते आणि अंग घासतं, सोलवटतं. तेव्हा बंद ठेवली हे योग्यच केलं. पण खिडकीवर पूर्ण पैसे घेताना हे सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. आता आम्ही पैसे काढण्याआधी खिडकीवर पुन्हा एकदा विचारतो, फोनवर विचारलेलं असलं तरी.

मे महिन्यातला रविवार टाळा. गोव्यातल्या मुलांना सुट्टी आणि बाहेरून आलेले पाहुणेही तेव्हाच, म्हणून रांगा जिन्यावरून खाली येतात. आम्ही चार तासांत मोजून पाच वेळा घसरलो. दिवाळीच्या सुट्टीत बुधवारी गेलो तेव्हा मुलंच दमून म्हणाली, आता पुरे.

आता कपडे. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण हे माझं काम आहे आणि इथेच मला सगळ्यात जास्त लागलं. आठवडाभर रात्री बसून मी तिन्ही मुलांसाठी एकाच थानातल्या सुती बर्म्युडा आणि बिनबाह्यांचे शर्ट शिवले होते, निळ्या कापडावर पांढरे मासे. फाटकावर ते चालणार नाहीत म्हणून सांगितलं. मग तिथेच भाड्याने कॉस्च्युम घेतले, वर डिपॉझिट. ओलसर होते, इलॅस्टिक सैल झालेलं. माझी मोठी मुलगी अकरा वर्षांची आहे. ती दिवसभर एका हाताने कंबर धरून फिरली.

घरी आल्यावर मी कारण शोधलं, आणि ते पटण्यासारखं आहे. सुती कापड पाणी पितं, जड होतं, पायांना गुंडाळतं. नीट पोहता न येणाऱ्या मुलाला ते खाली ओढतं. त्याचं तूस सुटून गाळणीत अडकतं. आणि बटण, चेन, जीनच्या पँटचे पितळी खिळे स्लाइडच्या गुळगुळीत फायबरवर ओरखडे काढतात. तो ओरखडा मग मागून येणाऱ्या मुलाच्या पाठीला लागतो. साडी, सलवार, ओढणी यांना बंदी असते ती यासाठीच. ओढणी तर कुठे अडकेल सांगता येत नाही.

शिवता येत असेल तर घरी शिवा, विकतच्यापेक्षा मापाला चांगलं बसतं. कापड नायलॉन किंवा पॉलिएस्टरमध्ये लायक्रा मिसळलेलं घ्या, उभं आणि आडवं दोन्हीकडे ताणणारं. दुकानातच ताणून बघा. सोडल्यावर लगेच मूळ जागेवर आलं पाहिजे. धागा पॉलिएस्टरचा वापरा, सुती धागा पाण्यात आणि क्लोरीनमध्ये लवकर कुजतो. सुई गोल टोकाची, बॉलपॉइंट म्हणून मागा. साधी सुई लायक्राचे तंतू तोडते आणि मग भोकं वाढत जातात. टाका झिगझॅग घाला. सरळ टाका घातला तर मूल पहिल्यांदा वाकल्याबरोबर शिवण तडकते. माप घेताना सैलपणा सोडायचा नाही, उलट छातीच्या मापातून साधारण दहावा हिस्सा कमी धरायचा, कारण कापड ताणून अंगावर बसायचं असतं. हात मनगटापर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत ठेवा. ऊन लागत नाही आणि कोपर, ढोपर सोलवटत नाहीत. खिसा नको, लोंबती नाडी नको.

आणि रंग. माझ्या निळ्या माशांबद्दल मला नंतर हायसं वाटलं की ते चालले नाहीत. पाण्याखाली निळा, पांढरा, राखाडी रंग दिसेनासा होतो. पार्कचा तळही बहुतेक निळाच असतो. भडक नारिंगी, लाल, चमकता पिवळा घ्या. आता आमची तिन्ही मुलं नारिंगी असतात. गर्दीत वर मान करून बघितलं की एका नजरेत तिघं मोजता येतात. मुलींचे केस घट्ट वेणी घालून वर बांधा. तळाशी पाणी ओढून घेणारी जाळी असते, सुटे केस तिच्याजवळ जाऊ देऊ नका.

सासूबाईंचं सांगायला मला जड जातं. त्यांचं पूर्ण तिकीट काढलं. त्या पाण्यात उतरल्या नाहीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. सावली सरकत गेली तशी खुर्ची सरकवत राहिल्या. मांडीवर सगळ्यांचे मोबाइल, पायाशी सगळ्यांच्या पिशव्या. परतताना वाटेत एवढंच म्हणाल्या, "म्हजो दीस पिशव्यो राखपांत गेलो." त्यांनी तक्रार केली नाही, मला खरं ते सांगितलं. तेव्हापासून लॉकर घ्यायचाच, त्यात काटकसर नाही. घरातलं कुणीही राखणदार म्हणून न्यायचं नाही. दुसऱ्या खेपेला लायक्राचा गुडघ्यापर्यंतचा पायजमा आणि लांब कुडता मी त्यांच्यासाठीही शिवला, आधी फोनवर चालेल का हे विचारून. संथ वाहणाऱ्या उथळ पाण्याच्या काठावर त्या दोन तास पाय सोडून बसल्या आणि धाकटा ट्यूबवरून गोल फिरत दर फेरीला त्यांच्या पायांना हात लावून जात होता.

डबा बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. आमच्या पोई (गोव्याचे पाव), बटाट्याची सुकी भाजी आणि सोलकढी गाडीतच राहिली आणि मे महिन्याच्या उन्हात आंबली. आता सकाळी निघताना पोटभर खाऊन निघतो, आत एकदाच जेवतो, आणि परतीच्या वाटेवर म्हापशाला भजी-पाव. लहान बाळाचं खाणं किंवा औषध असेल तर ते फोनवरच सांगून परवानगी घ्या.

पाण्याबद्दल एक समज मोडायला हवा. क्लोरीनचा उग्र वास आला की पाणी स्वच्छ आहे, असं मीही मानत होते. तसं नसतं. घाम, तेल, लघवी यांच्याशी क्लोरीनची क्रिया होऊन क्लोरामाइन तयार होतात. वास त्यांचा असतो, आणि डोळे लाल होतात ते बहुतेक त्यांच्यामुळेच. म्हणून उतरण्याआधी मुलांना साबणाने खरोखर आंघोळ घाला, नुसतं ओलं करू नका. दर तासाला बाहेर काढून शौचालयात न्या. काठावर उभं राहून बघा: सगळ्यात खोल जागेची तळाची जाळी स्पष्ट दिसते का? नसेल दिसत तर उतरू नका. गढूळ पाण्यात बुडालेलं मूलही दिसत नाही. कुणाला जुलाब झाले असतील तर सहल पुढे ढकला. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू क्लोरीनच्या पाण्यातही आठवड्याहून जास्त टिकतो, आणि एका घोटाने दुसऱ्याच्या पोटात जातो.

बुडणारं मूल ओरडत नाही. श्वास घ्यायलाच जमत नसतं, हाक कुठून मारणार? म्हणून जीवरक्षक आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. आम्ही पाळी ठरवतो. वीस मिनिटं एकाची, त्या वेळी त्याच्या हातात माझा लाल रुमाल. रुमाल ज्याच्याकडे, त्याने मोबाइल बघायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत, आणि लहान मूल हाताच्या अंतरावर ठेवायचं. हवेच्या रिंगा आणि दंडाच्या फुग्यांवर विसंबू नका, लाइफ जॅकेट मागून घ्या आणि पट्टे बांधून खांद्याला धरून वर ओढून बघा. जॅकेट हनुवटीवर सरकलं तर ते मोठं आहे.

तिकिटाचा फोटो खिडकीवरच काढून ठेवा. आमची तिकिटं यांच्या खिशात भिजून लगदा झाली, त्यामुळे तीन बंद स्लाइडबद्दल काही बोलायला हातात पुरावाच नव्हता. बंद असल्याच्या पाटीचाही फोटो घ्या आणि तिथल्या तिथे व्यवस्थापकाशी शांतपणे बोला. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

आमचा तो दिवस ऐकून एका नातेवाइकांनी सांगितलं, कशाला एवढे पैसे घालता, चिरेखाणीत, म्हणजे चिरे कापून काढलेल्या खड्ड्यात, भरपूर पाणी आहे. नको. कृपा करून नको. आमच्या भागात चिरेखाणी आणि खाणींचे खंदक पावसाने भरतात, वरून शांत हिरवं पाणी दिसतं, पण काठ उभा कापलेला असतो, पायरी नाही, उथळ भाग नाही. एक पाऊल पुढे टाकलं की डोक्यावर पाणी. दर पावसाळ्यात अशी बातमी येते. व्हाळ म्हणजे ओढे, आणि धबधबेही पावसात मुलांचे नाहीत. हरवळ्याला जा, रुद्रेश्वराचं दर्शन घ्या, धबधबा लांबून बघा आणि परत या.

घरी आल्यावर कॉस्च्युम लगेच साध्या पाण्यात दोनदा खळबळून घ्या, पिळू नका, सावलीत वाळवा. क्लोरीन आत राहिलं तर लायक्रा सैल पडतं. धाकट्याचा नारिंगी शर्ट मी या वर्षीही वापरणार आहे, बाहीला दोन बोटं कापड आत दुमडून ठेवलंय ते सोडून. चौकटीवरची शेवटची खूण ११२ वर आहे.