बटणे की जेश्चर: फोनवरील नेव्हिगेशन कसे निवडावे

मागे जाणे, होम स्क्रीनवर येणे आणि नुकतीच उघडलेली अ‍ॅप्स पाहणे ही तीन कामे अँड्रॉइड फोनमध्ये स्क्रीनच्या तळाशी असलेल्या तीन बटणांनी करता येतात किंवा कडेवरून बोट सरकवून करता येतात. यातील दुसरी, म्हणजे जेश्चरची पद्धत आजच्या स्वरूपात २०१९ साली अँड्रॉइड १० बरोबर आली. त्यात डाव्या किंवा उजव्या कडेवरून आत बोट सरकवले की मागे जाता येते, तळापासून वर सरकवले की होम स्क्रीन येते आणि तसेच वर नेऊन क्षणभर थांबले की उघडलेली अ‍ॅप्स दिसतात.

निवड करताना फोन कोण वापरणार, हे आधी पाहावे. मोठ्या स्क्रीनचा फोन एका हाताने वापरणाऱ्याला जेश्चर सोयीचे जाते, कारण मागे जाण्यासाठी अंगठा तळापर्यंत न्यावा लागत नाही. शिवाय बटणांची पट्टी गेल्यामुळे वाचायला थोडी अधिक जागा मिळते. याउलट ज्यांचा हात थरथरतो, किंवा ज्यांना काय दाबायचे ते डोळ्यांसमोर दिसलेले बरे वाटते, त्यांच्या फोनवर बटणेच ठेवावीत. आपल्याला जेश्चर आवडते म्हणून आईवडिलांच्या फोनवरही तेच लावून देणे मला योग्य वाटत नाही, कारण न दिसणारी खूण लक्षात ठेवण्याचा भार त्यांच्यावर पडतो.

ही सेटिंग पिक्सेलसारख्या फोनमध्ये ‘सिस्टीम’ विभागात आणि सॅमसंगमध्ये ‘डिस्प्ले’खालील ‘नेव्हिगेशन बार’मध्ये असते. इतर फोनमध्ये सेटिंगच्या शोधपट्टीत ‘नेव्हिगेशन’ असे लिहावे, म्हणजे जागा सापडते. सॅमसंगमध्ये मागे जाण्याचे बटण डावीकडे हवे की उजवीकडे, हेही तिथेच ठरवता येते. जुन्या फोनची सवय असलेल्यांनी हा क्रम आधी जुळवून घ्यावा.

जेश्चरविषयीची मुख्य तक्रार नको तेव्हा मागे जाण्याची असते. फोटो कापताना चौकटीचा कोपरा अगदी कडेला असला आणि तो आत ओढायला गेले, तर फोन कधी कधी ती मागे जाण्याची खूण समजतो आणि संपादनाची स्क्रीनच बंद होते. अशा वेळी लगेच बटणांकडे वळण्याआधी जेश्चरच्या सेटिंगमध्ये जाऊन कडांची संवेदनशीलता कमी करून पाहावी. अनेक फोनमध्ये डावी आणि उजवी कड वेगवेगळी जुळवता येते. उलट, खूण वारंवार चुकत असेल तर कव्हरची उंच कड बोटाला अडवते का, ते पाहावे. अ‍ॅपमधील बाजूचा मेनू कडेवरून ओढण्याऐवजी तीन आडव्या रेघांच्या चिन्हावर टॅप करून उघडावा.

दृष्टिहीन व्यक्ती टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरील मजकूर वाचून दाखवणारी अँड्रॉइडमधील सोय, वापरत असेल, तर जेश्चर नेव्हिगेशनमध्ये याच खुणा दोन बोटांनी कराव्या लागतात. त्यामुळे पद्धत बदलण्यापूर्वी त्या व्यक्तीला विचारावे आणि दोन बोटांच्या खुणांचा सराव तिच्यासोबत बसून करून घ्यावा.